पाचव्या मिनिटाला फुटणारं रहस्य: एडिटिंग आणि फ्रेम कुठे कमी पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर बेतलेली 22 मिनिटांची शॉर्ट फिल्म, पहिला कट तयार. घरात एक निवृत्त जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा कारागीर, आणि त्याची विधवा सून. शेजारी बंद पडलेला कारखाना, तिथून रात्री एकाच मागाचा आवाज येतो. शेवटी कळतं की माग चालवणारा सासराच आहे. मुलाने अर्धवट सोडलेली चादर तो रोज वीतभर पुढे नेतो. ज्यांना कट दाखवला त्यांना हे पाचव्या मिनिटालाच कळलं, आणि म्हाताऱ्याबद्दल कुणालाच फारसं काही वाटलं नाही. एडिटिंगमध्ये सुधारता येईल, की पुन्हा शूट करावं लागेल?

या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमच्या कटमध्ये म्हाताऱ्याची ओळख वस्तूंमधून होते: किल्ली, कुलूप, कंदील, हातावरचा व्रण. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्लोजअप आहे आणि प्रत्येक क्लोजअप प्रेक्षकाला सांगतो, "हे लक्षात ठेव." चार वस्तू लक्षात ठेवल्या की कोडं सुटतं. आणि या सगळ्या वेळात पडद्यावर माणूस नसतोच, मग त्याच्याविषयी वाटणार काय? वस्तू काढा आणि ती बघणारा माणूस ठेवा. रहस्यही टिकेल आणि स्वभावही दिसेल. बरंचसं काम एडिटिंग टेबलावर होईल. एक दिवसाचं पिकअप शूट, म्हणजे कमी पडलेले मोजके शॉट नव्याने घेणं, मात्र लागेल, त्याची यादी शेवटी देतो.

आधी कागदावरचं काम. प्रत्येक दृश्याची एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर तीन रकाने आखा: या दृश्याच्या शेवटी प्रेक्षकाला काय माहीत आहे, सुनेला काय, सासऱ्याला काय. चिठ्ठ्या भिंतीला क्रमाने लावा. प्रेक्षकाला सुनेइतकंच माहीत असेल तर तो तिच्याबरोबर शोध घेतो. तिच्यापेक्षा जास्त माहीत असेल तर ताण तयार होतो: आता हिला कळलं तर? तिच्यापेक्षा कमी माहीत असेल तर तो तिच्याच चेहऱ्याकडे संशयाने बघू लागतो. तिन्ही स्थिती उपयोगी आहेत, पण तुमच्या कटमध्ये चौथीच झाली आहे. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाला सगळं कळतं, सून सोळाव्या मिनिटापर्यंत काहीच ओळखत नाही, आणि मधल्या अकरा मिनिटांत तिला कळण्याची भीतीही नाही, कारण कळल्याने काय बिघडेल हे कुठे आलेलंच नाही. अशा वेळी प्रेक्षकाला पात्र मंद वाटायला लागतं. हा अभिनेत्रीचा दोष नव्हे, चिठ्ठ्यांच्या क्रमाचा आहे.

तुमच्या गोष्टीला पहिले दोन तृतीयांश "सुनेइतकंच" आणि शेवटचा तृतीयांश "सुनेपेक्षा कमी" ही रचना शोभेल. म्हणजे सुमारे चौदाव्या मिनिटाला तिला कळतं, पण काय कळलं हे आपल्याला दिसत नाही. फक्त तिचं वागणं बदललेलं दिसतं. ती सासऱ्याचं ताट आता झाकून ठेवते. दाराची कडी आतून लावत नाही. प्रेक्षक तिच्या वागण्यावरून उत्तराकडे सरकतो, आणि हे करताना तो दोघांना ओळखू लागतो.

आता चौथ्या मिनिटाचं किल्लीचं दृश्य घेऊ, कारण कटचा सगळा स्वभाव त्यात दिसतो. सध्याचा क्रम: सून भाकरी थापते, 3 सेकंद. सासरा खुंटीवरचा सदरा काढतो, 2 सेकंद. सदऱ्याच्या खिशातून किल्ली, क्लोजअप, 2 सेकंद, त्यावर संगीताचा ठोका. सुनेचे डोळे, दीड सेकंद. दार लागतं, 2 सेकंद. साडेदहा सेकंदांत पाच शॉट, आणि प्रत्येक शॉट म्हणजे एक विधान.

याऐवजी सुनेच्या मिड शॉटवर (कमरेपासून वर) थांबा, सलग 9 ते 11 सेकंद. सासरा तिच्या मागे, फोकसबाहेर, फ्रेमच्या कडेला. सदरा काढल्याचा आवाज, मग धातूचा एक बारीक खणखणाट, तोही फ्रेमबाहेरून. थापणारे हात थांबतात, 12 ते 15 फ्रेम (सेकंदाला 25 फ्रेम), म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. ती मान वळवत नाही. हात पुन्हा चालू होतात, पण लय आधीपेक्षा किंचित जलद. दार लागल्याचा आवाज. त्यानंतरही कट करू नका. आणखी 20 ते 25 फ्रेम तिच्यावरच राहा. किल्ली प्रेक्षकाने पाहिलेलीच नाही. पण ही बाई काहीतरी ऐकते, समजते आणि विचारत नाही, हे त्याने पाहिलं. मान न वळवण्यात तिचा सगळा स्वभाव आहे, आणि तुमच्या आत्ताच्या कटमध्ये नेमकी तीच जागा डोळ्यांच्या क्लोजअपने खाल्ली आहे.

"पण आमच्याकडे एवढा लांब शॉट नाही," असं वाटेल. फुटेज पुन्हा बघा. 'अ‍ॅक्शन' म्हणण्याआधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे सेकंद तपासा. अभिनेत्री तयारीत बसलेली असते, हात पिठात असतात, चेहऱ्यावर काही आणलेलं नसतं. असे कोरे चेहरे एडिटिंगमध्ये सोन्याच्या भावाचे असतात. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा 1920 च्या आसपासचा प्रयोग सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो: एका नटाचा तोच तटस्थ चेहरा सूपाची थाळी, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांना जोडला की बघणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळी भावना दिसते. रहस्यपटात याचा व्यावहारिक अर्थ असा, की नटाला "संशयाने बघ" असं कधी सांगू नये. "काहीतरी वाजलं, कुठून ते ओळख" इतकंच सांगावं. संशय कट आणतो. नटानेही आणला तर तो दुप्पट होतो आणि खोटा वाटतो.

याचा अर्थ पुरावा लपवायचा असा नव्हे. शेवट कळल्यावर माणसाने मागे आठवून "अरे, ते तर समोरच होतं" म्हणायला हवं, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून पुरावा फ्रेममध्ये असलाच पाहिजे, फक्त नजरेच्या वाटेत नको. माणसाची नजर फ्रेममध्ये आधी चेहऱ्यावर जाते, मग हलणाऱ्या गोष्टीवर, मग सर्वांत उजळ भागावर आणि फोकसमधल्या भागावर. पुरावा या सगळ्यांपासून दूर ठेवा: स्थिर, मध्यम उजेडात, चेहऱ्याच्या विरुद्ध बाजूला. आणि त्याच शॉटमध्ये प्रेक्षकाला दुसऱ्या एखाद्या तातडीच्या प्रश्नात गुंतवा.

तुमच्या गोष्टीत असा पुरावा आयता आहे आणि तो वापरलेला नाही. मागाच्या शेडमध्ये तासभर उभं राहिलं तरी केसांवर, भुवयांवर, खांद्यावर सुताची पांढरी बारीक धूळ बसते. निवृत्त माणसाच्या खांद्यावर सकाळी ती कशी? सकाळच्या चहाच्या दृश्यात ती ठेवा. म्हातारा खिडकीकडे पाठ करून बसलेला, मागून प्रकाश, खांद्यावर धूळ. त्याच वेळी सून वीजबिलाचा विषय काढते. प्रेक्षक बिलाचं भांडण ऐकत असतो, धूळ त्याला दिसते पण तो नोंद घेत नाही. शॉट मिड असू द्या, 4 ते 5 सेकंद. इथे क्लोजअप घेतलात तर सगळं मुसळ केरात. सोलापूरचा प्रेक्षक, विशेषतः ज्याच्या घरात कुणी मागावर आहे तो, ही धूळ लगेच ओळखेल हे खरं. म्हणून ती एकदाच, आणि सहाव्या मिनिटाच्या आत ठेवा, जेव्हा आवाजाचा प्रश्न अजून नीट उभा राहिलेला नाही.

फ्रेमिंगकडे येतो. म्हातारा पहिल्या दृश्यापासून समोरून, क्लोजअपमध्ये, दोन्ही डोळे दिसताहेत असा आहे. चेहरा कॅमेऱ्याकडे जितका वळलेला, तितका तो माणूस आपल्यासाठी उघडा असतो. दोन्ही डोळे दिसले आणि नजर लेन्सच्या अगदी जवळून गेली की जवळीक वाटते. पूर्ण बाजूने घेतला, एकच डोळा दिसला, की मनात काय चाललंय याचा थांग लागत नाही. पाठमोरा घेतला तर प्रेक्षक त्याच्या मागे मागे जातो. म्हणून सासऱ्यासाठी एक हिशेब आखा. पहिली दहा मिनिटं पाठ आणि बाजू, तीही दूरून. अकराव्या मिनिटाच्या सुमारास पहिल्यांदा तीन-चतुर्थांश चेहरा. आणि समोरून क्लोजअप संपूर्ण फिल्ममध्ये एकच, तो शेवटी, सून शेडच्या आत येऊन त्याला माग चालवताना पाहते तेव्हा. सुरुवातीपासून क्लोजअप उधळले की शेवटच्या क्षणासाठी हातात काही उरत नाही. सुनेचं उलट: ती पहिल्यापासून उघडी, आणि चौदाव्या मिनिटानंतर हळूहळू बाजूने. आता तिच्याकडे गुपित आहे.

लेन्सबद्दल. एपीएस-सी सेन्सरवर (फुलफ्रेमपेक्षा लहान) 35 मिमी लेन्स फुलफ्रेमच्या साधारण 50 मिमीसारखी दिसते. घरातल्या दृश्यांना तीच पुरे. सासऱ्याचे दूरचे शॉट 85 मिमीने, अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, दाराच्या चौकटीतून घ्या. चौकटीची काळी किनार फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापेल इतकी येऊ द्या. त्याच्या नजरेपुढे मोकळी जागा सोडण्याची सवय असते, ती इथे मोडा: तो डावीकडे बघतोय तर त्याला फ्रेमच्या डाव्या कडेलाच ठेवा आणि मोकळी जागा पाठीमागे सोडा. पाठीमागे काहीतरी आहे असं वाटत राहतं. मात्र हे दोन-तीनदाच. प्रत्येक शॉटमध्ये केलं की ती फक्त ढब उरते.

शेडमधला सर्वांत चांगला पडदा म्हणजे ताणा, मागावर ताणलेले उभे धागे. मागाच्या मागच्या बाजूने, बीमवरून (सूत गुंडाळलेल्या रुळावरून) येणाऱ्या धाग्यांतून पलीकडचा माणूस घ्या. लेन्स धाग्यांपासून 30 ते 40 सेंटिमीटरवर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) मोठं उघडं, f/2 किंवा f/2.8, म्हणजे धागे विरघळून धुकं होतात आणि चेहरा त्यातून अर्धवट दिसतो. f/8 ला तेच धागे गजांसारखे उभे राहतात. तुरुंगासारखं दिसतं, आणि या गोष्टीला तो अर्थ नको आहे. फोकस हाताने लावा. ऑटोफोकस दर दोन सेकंदांनी धागे पकडेल आणि शॉट वाया जाईल.

रात्रीच्या दृश्यांत तुमची चूक तांत्रिक आहे. सगळं कमी एक्स्पोज केलंय आणि मग एडिटिंगमध्ये उजेड वाढवलाय, म्हणून सावल्यांत दाणे उसळताहेत. अंधार दाखवायचा तर फ्रेममध्ये एक उजळ बिंदू लागतो: कारखान्याच्या झडपेतून येणारी पिवळी पट्टी, किंवा एक बल्ब. तो असला की बाकीचा भाग डोळ्याला आपोआप काळोखा वाटतो. चेहरा नेहमीच्या एक्स्पोजरपेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली ठेवा, त्याहून खाली नको. निळा रंग ओतून रात्र करू नका. आपल्या गल्लीतली रात्र पिवळी, पांढरी आणि अधूनमधून काळी असते.

दुसरी गोष्ट, ट्यूबलाइटचं लुकलुकणं. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. 25 फ्रेमवर शूट करा आणि शटर 1/50, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ठेवा. जास्त उजेड असला तर 1/100 चालेल. 1/60 किंवा 1/125 ठेवलंत की स्वस्त एलईडीखाली पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलवर काही शॉट घेतले आहेत, त्यांचा फ्रेमरेट मध्येच बदलतो आणि आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. टाइमलाइनवर घेण्याआधी ते स्थिर 25 फ्रेममध्ये बदलून घ्या.

आवाजावर खरं तर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा, कारण या फिल्ममध्ये रहस्य आवाजाचंच आहे. सध्या रात्रीच्या प्रत्येक दृश्यात मागाचा तोच तुकडा, त्याच पातळीवर वाजतो. एकच चालू माग तीन ठिकाणांहून रेकॉर्ड करा: शेडच्या आत, बंद दाराबाहेर, आणि एका घराच्या आतून खिडकी बंद करून. प्रत्येक ठिकाणी सलग दोन मिनिटं. शेडच्या आत धोट्याचा (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा) ठोका अचानक वर जातो, म्हणून शिखर -6 डेसिबलच्या खाली राहील इतकी पातळी ठेवा. शिवाय प्रत्येक लोकेशनची नुसती शांतता एक मिनिट घ्या. तिच्याशिवाय संवादांमधल्या फटी उघड्या पडतात.

मग गोष्ट पुढे जाईल तसा आवाज जवळ आणा. पहिल्यांदा तो खिडकीआडून, इतका मंद की प्रेक्षकाला पंख्याचाच वाटावा. आठव्या मिनिटाला दाराबाहेरचा. शेडच्या आतला, पूर्ण आवाज, फक्त सून आत पाऊल टाकते तेव्हा. दृश्य बदलताना मागाचा आवाज चित्राच्या आधी 15 ते 20 फ्रेम सुरू करा: सून दिवा मालवते, अजून तिच्याच चेहऱ्यावर आहोत, आणि ठक-ठक सुरू होतं. प्रेक्षकाला तो तिच्या डोक्यातला आवाजही वाटू शकतो, आणि तसा वाटू द्यावा. सगळ्यात मोठा परिणाम मात्र आवाज थांबण्याचा. सून दाराशी पोचते आणि माग थांबतो. संगीत नाही, श्वास नाही, दोन पूर्ण सेकंद. आत कुणीतरी आहे आणि त्याला ही बाहेर आल्याचं कळलंय, हे यातून जितकं ठळक होतं तितकं कुठल्याही ठोक्याने होणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्यायचं तर करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या 'सैराट'चा शेवट पाहा. हत्या होताना दाखवलेली नाही. लहान मूल घरात येतं, पाहतं, आवाज काढून घेतलेला, आणि बाहेर जाताना पावलांचे ठसे उमटतात. काय घडलं हे बघणाऱ्यावरून कळतं. हीच शिस्त तुमच्या चौदाव्या मिनिटाला हवी: सून झडपेतून आत बघते, आणि आपण फक्त तिला बघतो, निदान 8 सेकंद.

तेलुगूचा मुद्दा वेगळा. सासरा मुलाच्या फोटोसमोर तेलुगूत दोन वाक्यं बोलतो आणि खाली मोघम मराठी सबटायटल आहे. पुण्यात हे चालेल. सोलापुरात सभागृहातल्या अनेकांना तेलुगू घरचीच, त्यांना सबटायटलची गरजही नाही, आणि त्या दोन वाक्यांत "पूर्ण करतोय" हा शब्द आहे. म्हणजे अर्ध्या हॉलला गुपित कळलं. ते वाक्य बदला किंवा माग चालू असताना बोलायला लावा. शेडमध्ये शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, म्हणून कामगार हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर भागवतात. तेच इथे येऊ द्या, ओठ हलताना दिसावेत आणि शब्द मागात बुडावेत. बाकी सबटायटलमध्ये एक काळजी: अभिनेता वाक्याच्या मध्ये थांबला तर सबटायटलही तिथेच तोडा. "तो गेला नाही..." आणि त्यानंतर "...मी पाठवला" हे एकत्र आलं, तर नटाने घेतलेला थांबा प्रेक्षकाने आधीच वाचून संपवलेला असतो.

काढून टाकायच्या गोष्टी पटकन सांगतो. सुरुवातीचा ड्रोन शॉट काढा. सिद्धेश्वर तलाव आणि किल्ला वरून सुंदर दिसतात, पण आभाळातला कॅमेरा सर्वज्ञ असतो, आणि ही गोष्ट एका बाईच्या कानांनी सुरू व्हायला हवी. मुलाचे तिन्ही फ्लॅशबॅक काढा; चादर हाच फ्लॅशबॅक आहे. स्लो मोशन काढा. संगीत सगळं बंद करून पूर्ण कट एकदा लावा. जे दृश्य संगीताशिवाय पडतं ते आतूनच पडलेलं आहे, त्याचे शॉट बदला. मग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा बघा: कोण कोणाकडे बघतंय एवढ्यावरून नातं कळतं का? या दोन फेऱ्यांतच तीनेक मिनिटं गळतील. माझ्या मते या गोष्टीचा पल्ला 17-18 मिनिटांचा आहे.

नवा कट पाच-सहा अनोळखी लोकांना दाखवा: निम्मे मागाशी संबंधित, निम्मे जॉबर म्हणजे काय हेही माहीत नसलेले. "आवडलं का" विचारू नका. सहाव्या, अकराव्या आणि पंधराव्या मिनिटाला थांबवून दोनच प्रश्न कागदावर लिहून घ्या: पुढे काय होईल, आणि हा म्हातारा कसा माणूस आहे. पहिल्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी यायला हवीत. दुसऱ्याची उत्तरं अकराव्या मिनिटाला वेगवेगळी आणि पंधराव्याला जवळ जवळ आली, तर फ्रेमिंगचा हिशेब बरोबर बसला. सहाव्यालाच सगळे "प्रेमळ" लिहीत असतील तर त्याचा चेहरा अजून लवकर दिसतोय.

पिकअपची यादी: सुनेचा भाकरीचा मिड शॉट, सलग, तीन टेक. झडपेतून बघणारी सून, एक टेक पूर्ण मिनिटभर, समोर खरोखर माग चालू ठेवून. खांद्यावर धूळ असलेला चहाचा शॉट. ताण्यातून सासरा, बाजूने. त्याचा समोरून एकमेव क्लोजअप. आणि झाकलेलं ताट, तेही सुनेच्या हातांसह, नुसतं ताट नको. दिवसाची दृश्यं सकाळी दहाच्या आत उरका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कॅमेरा तापून बंद पडतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) जुन्या फुटेजशी जुळवून हाताने कायम करा आणि सुनेच्या बांगड्या, टिकली, साडीची निरी जुन्या फ्रेमचा फोटो समोर धरून तपासा. भाकरीच्या शॉटमध्ये पीठ कुठल्या हाताच्या मनगटापर्यंत लागलं होतं हेसुद्धा.